जावई नुसता थांबला होता

माझ्या उजव्या हाताचं काय झालं, हे आमच्या कॉलनीत मला सोडून सगळ्यांना माहीत आहे. कुणी म्हणतं, रोबोटनं मला उचलून आपटलं. कुणी म्हणतं, हात तुटून खाली पडला होता, डॉक्टरांनी शिवला. दूधवाल्यानं तर तोंडावर विचारलं, "ताई, तो रोबोट पिसाळला होता म्हणे?" पिसाळायला ते काय कुत्रं आहे? म्हणून म्हटलं, एकदाचं आपणच सांगून टाकावं. मी मोबाइलमध्ये बोलले आहे आणि माझ्या मुलीनं, पूजानं, ते नीट उतरवून घेतलं आहे. तिनं माझ्या शिव्या गाळल्या असतील तर मला माहीत नाही.

दुसरं कारण म्हणजे जामनेरकडची एक बाई. जळगावात ज्या दवाखान्यात मी व्यायामाला जात होते, तिथे ती शेजारच्या खाटेवर असायची. तिचाही हात माझ्यासारखाच मनगटातून लोंबकळलेला. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "बाई, हे परत वर येतं का वो?"  मी तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हा मी स्वतःच रोज तोच प्रश्न गिळत होते. ज्यांचा हात असा पडला असेल त्यांच्यासाठी हे आहे, आणि ज्यांच्या कारखान्यात नवा रोबोट आलाय त्यांच्यासाठी तर आहेच.

जावई

आमचा कारखाना जळगावच्या एमआयडीसीत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा. मी बरीच वर्षं तिथे खुर्च्यांच्या कडा साफ करते. साच्यातून निघालेल्या खुर्चीला कडेनं प्लॅस्टिकची पातळ चुणी राहते, ती कापायची, खुर्ची पुसायची, थप्पी लावायची.

पूर्वी मशीनचं दार उघडलं की माणूस आत हात घालून गरम खुर्ची ओढून काढायचा. दार बंद, परत उघड, परत हात. दिवसभर हेच. त्या कामावरच्या प्रत्येकाच्या हातावर डाग होते. अर्ध्या बोटाची माणसंही आमच्याकडे आहेत, आणि चहाच्या वेळी ती ग्लास कसा धरतात याची आम्हाला इतकी सवय झाली होती की कुणी वळूनही बघत नसे.

मग रोबोट आला. नारिंगी रंगाचा एकच हात, माणसाच्या दीडपट उंच. साच्यातून खुर्ची उचलायची, वळायचं, टेबलावर ठेवायची, परत वळायचं. आधी सगळे घाबरले, आता माणसं कमी करतील म्हणून. तसं झालं नाही. आणि भाजणं बंद झालं, बोटं जाणं बंद झालं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकलं की लोक रोबोटला शिव्या घालायला लागतात. मला ते पटत नाही. त्या यंत्रानं किती हात वाचवले ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याला आम्ही बायका जावई म्हणायचो. का, तर तो आपल्या जाळीच्या पिंजऱ्यात एकटा उभा, आत कुणी जायचं नाही, सगळ्यांनी बाहेरून त्याची सरबराई करायची. जरा काही बिनसलं की बसला रुसून. मग पुण्याहून माणूस येणार, त्याची मनधरणी करणार. नसरीन ओरडायची, "ताई, जावई रुसले, पाणी आणा!" नसरीन माझ्या समोरच्या टेबलावर काम करते. तांबापुऱ्यात राहते, हसायला लागली की तिला थांबवावं लागतं. आम्ही दोघींनी कितीतरी डबे एकत्र खाल्लेत.

आता त्या पिंजऱ्याच्या फाटकाची गोष्ट ऐका, कारण सगळं त्यातच आहे. फाटकाला एक चपटी लोखंडी पट्टी असते, ती चौकटीतल्या खाचेत बसली की रोबोट चालतो. फाटक उघडलं की पट्टी बाहेर, रोबोट बंद. पट्टीला आम्ही जीभ म्हणायचो. पण कधी खुर्ची टेबलावरून घसरून आत पडायची, कधी चुणी अडकायची. दर वेळी फाटक उघडा, सगळं थांबणार, परत चालू करायला वेळ, तोवर साच्यातला माल खराब. म्हणून कुणीतरी एक जादा जीभ आणली आणि खाचेत कायमची बसवून ठेवली. फाटक सताड उघडं असलं तरी यंत्राला वाटायचं बंदच आहे. हे चोरून नव्हतं. आमच्या खात्याचे सुपरवायझर वसंतभाऊ, तेही त्याच उघड्या फाटकातून आत जायचे. सगळ्यांच्या कामाची सोय होती ती.

अनारसे

अधिक महिना होता. आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला घरी बोलावून अनारशांचं वाण द्यायचं, गोडाचं जेवण करायचं. पूजाचं नुकतंच लग्न झालेलं, म्हणजे आमचा पहिलाच धोंडा. माझी घरी नुसती धांदल. अनारशांचं पीठ चांगलं जमलं म्हणून मी एक डबा भरून कामावर नेला.

डबा बघितल्याबरोबर सगळ्या जणी सुरू झाल्या. "घरच्या जावयाला नंतर, आधी कारखान्याच्या जावयाला!" वसंतभाऊही हसले. म्हणाले, "फोटो काढा आणि लवकर कामाला लागा." कुणीतरी स्टीलचं ताट आणलं, कुंकू तर माझ्या पर्समध्ये असतंच. निरांजन लावायचं नाही असं ठरलं, प्लॅस्टिकचा कारखाना, आग लागेल म्हणून. तेवढी सेफ्टी आम्हाला कळत होती!

रोबोट त्या वेळी थांबलेला होता. टेबल खुर्च्यांनी भरलं की तो थांबतो, टेबल मोकळं झालं की परत सुरू होतो. हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. पण आमच्या डोक्यात जन्मापासूनचं एकच गणित. गिरणी थांबली म्हणजे बंद, पंप थांबला म्हणजे बंद, रिक्षा थांबली म्हणजे बंद. थांबलेलं यंत्र वाट बघत असू शकतं, हे माहीत असणं वेगळं आणि अंगात मुरणं वेगळं.

मी ताट घेऊन आत गेले. त्याच्या नारिंगी हाताला कुंकवाचं बोट लावलं. खुर्ची त्यानं पकडून ठेवलेलीच होती. बाहेर नसरीननं मोबाइल धरला आणि म्हणाली, "थांबा ताई, खुर्च्या मधे येताहेत." आणि तिनं टेबलावरची थप्पी उचलली.

आवाज झाला नाही. हेच मला सगळ्यात जास्त आठवतं. पूर्वीच्या मशिनी धडधडून सांगायच्या तरी. हा नुसता वळला. मी त्याची खुर्ची आणि मशीनचा खांब यांच्या मधे सापडले. दंडातून कट् असं काहीतरी गेलं. मग नसरीनची किंकाळी आणि यंत्र थांबवायचं लाल बटण दाबल्याचा आवाज. बटण तिनंच दाबलं. टेबलही तिनंच मोकळं केलं. दोन्ही मला पहिल्यापासून माहीत होतं.

मनगट वर करा

दंडाचं हाड मोडलं होतं. ते मला फार वाटलं नाही. हाड काय, जुळतं. आमच्या गल्लीत पोरं दर उन्हाळ्यात हाडं मोडून घेतात. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. एक्स-रे बघितला आणि मला म्हणाले, "मनगट वर करा."

मी केलं.

ते बघत राहिले. परत म्हणाले, "मनगट वर करा, ताई."

"केलं ना!" मी म्हटलं. जरा चिडूनच म्हटलं.

 त्यांनी माझी मान हळूच हाताकडे वळवली. हात खाली लोंबत होता, धुतलेला रुमाल दोरीवर टाकावा तसा. मी आतून पूर्ण जोर लावत होते आणि तो माझा नव्हताच. 

दंडाच्या हाडाला वेटाळून एक नस जाते म्हणे, मनगट आणि बोटं उचलणारी. ती एक तर चेंगरली असेल, नाही तर तुटली असेल. ऑपरेशन झालं, पट्टी आणि स्क्रू बसले. बाहेर येऊन डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "नस तुटलेली नाही, चेंगरलीय. जागी होईल, कदाचित."

"कदाचित म्हणजे?" यांनी विचारलं.

"म्हणजे वाट बघायची. नस फार सावकाश जागी होते."

माझे यजमान, प्रकाश, रिक्षा चालवतात. गप्प माणूस. त्या दिवसापासून 'कदाचित' हा शब्द आमच्या घरात बसला तो उठेना. कुणी फोन केला की हे सांगायचे, "बरी होईल, कदाचित." मला वाटायचं फोन हिसकावून घ्यावा, पण घ्यायचा कोणत्या हातानं?

दवाखान्यातले दिवस

दवाखान्यात सकाळ फार लवकर होते. झाडूवाली, मग चहावाला, मग सिस्टर तापमापक घेऊन, मग डॉक्टरांचा जथा. प्रत्येक जण म्हणायचा, "मनगट वर करा." मी दर वेळी जीव खाऊन करायचे. ते मान हलवायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. परीक्षेत रोज तोच प्रश्न आणि रोज नापास.

ऑपरेशननंतर परत एक्स-रेला नेलं. टेबलावर आडवी झाले. वर छताला एक लांब दांडा, त्याला तो मोठा डोळा. आधी थांबलेला होता. मग आपोआप माझ्याकडे सरकला. बिनआवाजी. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून आली. एक्स-रेवाला बिचारा घाबरून म्हणाला, "आई, काही नाही होत, काही नाही होत."  शेवटी त्यानं यंत्र बंद केलं, स्वतःच्या हातानं तो डोळा ढकलून जागेवर आणला आणि प्रत्येक वेळी आधी सांगत गेला, "आता मी हलवतोय. आता मी थांबवलं." त्या पोराचं नावही मला माहीत नाही. देव त्याचं भलं करो.

तेव्हापासून थांबलेल्या वस्तूंची भीती बसली. थांबलेला पंखा, दार उघडून उभी राहिलेली लिफ्ट, घरी आल्यावर मिक्सर. सगळं माझीच वाट बघतंय असं वाटायचं. वेड लागलंय की काय, असं कुणाला विचारायचीही भीती. शेवटी व्यायामाच्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, अपघातानंतर असं होतं, हाताइतकंच हेही दुखणं आहे, लपवू नका. तुम्हाला असं होत असेल तर तुम्हीही सांगून टाका. नुसत्या सांगण्यानंही थोडं हलकं वाटतं.

खरा जावई

पूजाचा नवरा, अमोल, दवाखान्यात आला तेव्हा मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला चांदीच्या ताटात अनारसे द्यायचे, त्याच्यासमोर मी दवाखान्याच्या गाऊनमध्ये, केस पिंजारलेले. आणि हा पठ्ठ्या मोसंबी सोलायला बसला! एक एक फोड माझ्या तोंडाशी धरायला लागला.

"अहो, असं करू नका," मी म्हटलं. "सासूनं जावयाच्या हातचं खायचं? लोक काय म्हणतील!"

"आई, अधिक महिना आहे," तो म्हणाला. "जास्तीचा महिना आहे. त्यात उलटं चालतं."

असं काही शास्त्रात नाही. पण मी खाल्लं आणि रडले.

माझ्या सासूबाई, जीजी, दोंडाईचाकडच्या. त्यांची सगळी बोली अहिराणी. त्या पायाशी बसून एकच टुमणं लावायच्या, "यंतरले कोनी जवाई म्हनस का व माय? देव कोपना!" यंत्राला जावई म्हटलं म्हणून देव कोपला, असं त्यांचं ठाम मत. एकदा मला असह्य झालं. म्हटलं, "जीजी, देव नाही कोपला. जीभ खाचेत होती." त्यांना काही कळलं नाही. त्यांनी आपल्या जिभेला हात लावून बघितला. मला त्याही अवस्थेत हसू फुटलं आणि बरगड्या दुखल्या.

घरी आल्यावर खरी परवड. उजव्या हाताचं माणूस डाव्या हातानं काय काय करू शकत नाही, ते सगळंच लिहिण्यासारखं नाही. वेणी तर अजिबातच जमेना. पहिल्या दिवशी हे मुकाट्यानं कंगवा घेऊन मागे बसले. रिक्षाच्या हँडलची सवय असलेले हात, केस असे ओढले की डोळ्यांत पाणी. मग हळूहळू जमलं. पण त्याच बैठकीत रोज भांडणही व्हायचं.

"हात बरा झाला तरी आता कारखाना बंद."

"का? तुमचं रिक्षा चालवणं बंद झालं का, पडलात तेव्हा?"

"रिक्षा मी चालवतो. ते स्वतः चालतं."

 मला कारखान्यात परत जायचं होतं आणि जायचं म्हटलं की छाती धडधडायची. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. आणि हातच उठला नाही तर हे भांडणच फुकट होतं.

आत गेलातच कशाला?

वसंतभाऊ सफरचंदं घेऊन आले. खुर्चीच्या कडेवर बसले. बराच वेळ पावसाचं, केळीच्या भावाचं बोलले. मग म्हणाले, "सुनंदाताई, पण तुम्ही आत गेलातच कशाला?"

कंपनीतून जो येई तो हेच विचारी. चौकशीला आलेले साहेबही हेच विचारून गेले. मी म्हटलं, "भाऊ, फाटक उघडं होतं म्हणून गेले. तुम्ही रोज जाता म्हणून गेले. आणि उघड्या फाटकात तो चालणार नाही, असं ज्या कंपनीनं तो बनवला तिनं सांगितलंय म्हणून गेले. तिनं दिलेला शब्द आपण मोडला. जादा जीभ कुणी लावली?"

 मी सोडणार नव्हते, पण जीजींनी चहा आणला.

जाताना दारात म्हणाले, "तुम्ही बऱ्या झाल्या की एकदा येऊन बघा. सगळं बदललंय."

धुळे

नस जागी होतेय की नाही हे बघायला धुळ्याला पाठवलं. एसटीनं गेलो. पारोळ्याच्या पुढे मी यांना विचारलं, "नाहीच झाली तर?" हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तर मी वेणी घालीन." मला ते गोड वाटलं नाही. मला भीतीच वाटली, कारण म्हणजे यांनीही मनात तेच धरलं होतं.

तपासणीत बारीक सुया टोचतात आणि करंट सोडतात. दुखतं, खोटं कशाला सांगू. पण दुखण्यापेक्षा पडद्याकडे बघणं वाईट. तिथल्या डॉक्टर बाई दंडावर करंट द्यायच्या आणि पडद्यावर बघायच्या. मीही बघायची. एक सरळ रेघ. परत करंट, परत सरळ रेघ.

"अजून काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण अजून वेळही फार झालेला नाही. दिवाळीच्या आधी परत या. तेव्हाही हे असंच असेल, तर दुसऱ्या ऑपरेशनचा विचार करू. हाताच्या दुसऱ्या बाजूच्या स्नायूची दोरी इकडे वळवायची. त्यानं पूर्वीसारखं नाही होणार, पण कामापुरतं होईल."

कामापुरतं.  घरी जीजी दारात उभ्या. माझं तोंड बघून त्यांनी देवाचं, जावयाचं काही काढलं नाही. सगळं नीट होईल, एवढंच आपल्या बोलीत म्हणाल्या, "बठ्ठं चांगलं व्हई जाई. रडू नको."

व्यायाम चालू होता. मॅडम म्हणायच्या, "हात उठत नसेल तर मनात उठवा. डोळे मिटा आणि उठतोय असं बघा." मी रोज बघायचे. मनात माझा हात फडफडायचा, भाकरी थापायचा, पूजाच्या पाठीत धपाटा घालायचा. डोळे उघडले की तो मांडीवर तसाच, मनगट उचलून धरणाऱ्या पट्टीत, शेजाऱ्याचं झोपलेलं मूल असावं तसा.

कुलूप

नवरात्रानंतर मी कारखान्यात गेले, नुसती बघायला. हे बाहेर रिक्षात बसून राहिले.

खरंच बदललं होतं. जादा जीभ गेली होती. आता फाटकातून कुणाला आत जायचं असेल तर त्यानं आधी मुख्य स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. तो बाहेर येऊन आपलं कुलूप काढेपर्यंत साहेब आले तरी यंत्र सुरू होत नाही. जमिनीवर एक काळी चटई टाकलीय, तिच्यावर पाय पडला की रोबोट गप्प. वसंतभाऊंनी मला सगळं दाखवलं, स्वतःचं कुलूपही दाखवलं. त्यावर त्यांचा फोटो चिकटवलेला होता.

ज्यांच्याकडे रोबोट येतोय त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. त्याला घाबरू नका, पण तो थांबलाय म्हणून विश्वास ठेवू नका. तो बंद आहे हे तुमच्या खिशातल्या चावीनं कळलं पाहिजे, डोळ्यांनी नाही. आणि कुणी सोयीसाठी काही खाचेत अडकवत असेल तर तेव्हाच भांडा. मी भांडले नाही, मला तेव्हा तीच सोय वाटत होती.

मी जाळीजवळ उभी राहिले. टेबल भरलेलं होतं आणि तो थांबलेला होता. मी जाळी डाव्या हातानं घट्ट धरली. समोरच्या टेबलावर नसरीन होती. तिनं मला बघितलं, हातातली खुर्ची ठेवली आणि पाणी प्यायला निघून गेली. मी बराच वेळ थांबले. ती परत आली नाही.

त्याचा मला संताप आला. इतक्या दिवसांत ती एकदाही दवाखान्यात आली नव्हती, घरी आली नव्हती, फोनही नाही. टेबल मोकळं केलं त्याचा राग नव्हता, ते माझ्याकडूनही झालं असतं. पण लोक तिच्याकडे बोट दाखवत होते म्हणून ती माझ्यापासून लपणार? आणि मी काय दाखवत होते तिला, बोट? मला तर बोटही उचलता येत नव्हतं!

नसरीन

दिवाळी तोंडावर आली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तपासणीला धुळ्याला जायचं होतं. दुपारी जीजी चकलीचं पीठ मळत होत्या. मी हात नुकताच शेकला होता म्हणून मनगटाची पट्टी काढलेली. दारापुढच्या ओट्यावर बसून डाव्या हातानं चिवड्याचे पोहे निवडत होते.

बघते तर घराच्या फाटकाशी नसरीन उभी. रिकाम्या हातानं आली होती. मी "ये" म्हटलं नाही. ती आली आणि पायरीवर बसली.

"ताई, मी दवाखान्यात आले होते," ती म्हणाली. "खाली थांबून परत गेले. वर यायला पायच उचलले नाहीत."

मी पोहे निवडत राहिले.

"टेबल मी मोकळं केलं."

"माहीत आहे."

"खुर्च्या फोटोत येत होत्या."

"तेही माहीत आहे."

मग ती रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "अल्ला कसम ताई, तुमचा हात बरा झाला नाही ना, तर मी..."

तिथे माझं डोकं फिरलं. इतक्या महिन्यांची सगळी भीती एकदम वर आली. उद्याची ती सुई, तो पडदा, ती सरळ रेघ. "तर तू काय करशील?" मी ओरडले. "तुझा कापून देशील? तुझ्या रडण्यानं भाकरी थापता येणार आहे मला? इतके दिवस कुठे होतीस? ऊठ. नीघ माझ्या दारातून. नीघ म्हणते ना!"

आणि मी हात झटकला.

ती उठली. फाटकापर्यंत गेली. तिथे थांबली, वळली आणि माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या मांडीकडे बघायला लागली.

"ताई."

"आता काय?"

"तुम्ही मला या हातानं हाकललंत."

"खांद्यातून फेकला. तो तसाच हेलकावतो, मेला."

"नाही," ती म्हणाली. "हेलकावला नाही. असा वर गेला." तिनं स्वतःचं मनगट उडवून दाखवलं.

ती परत आली, माझ्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली. "करा परत."

मी केलं. जोर लावला. काही नाही. पुन्हा लावला. हात मांडीवर पडून राहिला.  म्हटलं, "तुला भास झाला, नसरीन. जा."

"असं नाही. मघासारखं करा. रागानं हाकला मला."

"नीघ," मी म्हटलं. नुसतं तोंडदेखलं.

"असं नाही, ताई!" ती ओरडली, तिचे डोळे अजून वाहत होते. "मी टेबल मोकळं केलं. मी दवाखान्यात वर आले नाही. मी कारखान्यात तुमच्यापासून पळाले. हाकला मला!"

"नीघ!"

मनगट उठलं. तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा सुटतो तेवढंच उठलं आणि पडलं. पण उठलं. दोघींनी बघितलं. जीजी पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या, "काय व्हयनं, काय व्हयनं?" करत.  मी हात दाखवला.

"परत," नसरीन म्हणाली.

"नीघ!"

"परत."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी तिला माझ्या घरातून हाकलत राहिले आणि ती जागची हलली नाही.